अठरा-पंचावन्न कुठून आली, आणि तिच्या जागी काय लावायचं

पोळ्यानंतर मिरवला जाणारा मारबतीचा उंच पुतळा समोर येतो तेव्हा नागपूरच्या इतवारीच्या गल्लीत मागे सरकायला जागा नसते. तीन मीटरवर उभं राहून कॅमेरा उभा धरला, तर १८ मिमीला जवळपास चार मीटर उंची चौकटीत मावते; २४ मिमीला तीन मीटरही मावत नाही. इथे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स चोख काम करते. हीच लेन्स मार्गशीर्षातल्या लग्नात, रात्रीच्या लॉनवर ५५ मिमीला नेली की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० करूनही शटर १/५० सेकंदापेक्षा वेगवान होईना, आणि अक्षता टाकणारे सगळे हात पुसट. एकाच लेन्समध्ये हे दोन स्वभाव कसे आले, हे तिच्या जन्मकथेत दिसतं. बदली लेन्स निवडतानाही ती कथा फार उपयोगी पडते.

फिल्मच्या जमान्यात नव्या एसएलआरसोबत मिळायची ती ५० मिमी, एफ १.८ किंवा एफ २. लहान, स्वस्त, उजळ (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत). ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी पहिली झूम फोइग्टलेंडरची झूमार, ३६-८२ मिमी एफ २.८, १९५९ ची. १९६३ मध्ये निकॉनची ४३-८६ एफ ३.५ आली, ती सोयीची खरी, पण सुरुवातीच्या प्रतींत भिंतींच्या सरळ कडा वाकायच्या. पुढे संगणकावर भिंगांची रचना करता येऊ लागली, साच्यातून काढलेली ॲस्फेरिकल (पूर्ण गोलाकार नसलेली) भिंगं स्वस्त झाली, आणि ऑटोफोकसच्या काळात ३५-८० किंवा २८-८० झूम कॅमेऱ्याच्या खोक्यातच येऊ लागली. ५० मिमीचा उजेड मात्र या सौद्यात गेला. एफ १.८ वरून आपण ३.५-५.६ वर आलो ते तेव्हापासून.

मग डिजिटल आलं आणि वेगळीच पंचाईत झाली. परवडणाऱ्या डिजिटल एसएलआरचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता. कॅननच्या अशा लहान, म्हणजे १.६ पट ‘क्रॉप’ सेन्सरवर जुनी २८-८० साधारण ४५-१२८ सारखी दिसायची, म्हणजे खोलीत चार माणसांचा फोटोही अवघड. वाइड बाजू पुरती गेली होती. २००३ च्या ३००डी कॅमेऱ्यासोबत कॅननने यावर तोड काढली: ईएफ-एस माउंट, म्हणजे लेन्स बसवायचा सांधा. यातला ‘एस’ म्हणजे शॉर्ट बॅक फोकस. मागचं भिंग सेन्सरच्या आणखी जवळ नेता आलं, म्हणून १८ मिमीची लेन्स छोटी आणि स्वस्त करता आली. अमेरिकेत नुसती बॉडी ८९९ डॉलरला आणि १८-५५ सह ९९९ डॉलरला होती. लेन्स शंभर डॉलरची!

त्या शंभर डॉलरमध्येच तिचे सगळे दोष आहेत. माउंट प्लास्टिकचा, फोकस रिंग नावापुरती, मोटर साधी, आणि फोकस होताना पुढचं तोंड गोल फिरतं. या फिरण्याचा खरा त्रास पोलरायझर लावल्यावर कळतो: फुटाळा तलावाच्या पाण्यावरची चमक घालवायला फिल्टर जुळवावा, आणि फोकस बदलताच तो हलून चमक परत यावी. अशा लेन्सवर आधी फोकस करून तो लॉक करायचा, फिल्टर नंतर फिरवायचा. कॅननने २०१३ च्या एसटीएम आवृत्तीत तोंड फिरणं बंद केलं.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ‘किट लेन्स टाकाऊ असते’ हे मत मुख्यतः स्टॅबिलायझर (हाताचं हलणं सावरणारी सोय) नसलेल्या पहिल्या पिढीवरून पडलं. कॅननने एसएलआर लेन्समध्ये स्टॅबिलायझर १९९५ मध्ये ७५-३०० ला दिला. १८-५५ पर्यंत तो २००७ मध्ये पोचला, निकॉनचाही त्याच वर्षी. त्यानंतरच्या १८-५५ भर दिवसा एफ ८ ला उत्तम चित्र देतात. दीक्षाभूमीचा स्तूप सकाळच्या उन्हात टिपण्यासाठी महाग लेन्स घेतली, तर फरक शोधावा लागेल.

बदली लेन्सची परंपरा दोन घराण्यांची. पहिलं सुपरझूमचं. टॅमरॉनची २८-२०० ही १९९२ ची. तिला फोकससाठी दोन मीटरहून जास्त अंतर लागायचं. क्रॉप सेन्सरसाठी २००५ मध्ये निकॉनची १८-२०० व्हीआर (स्टॅबिलायझरवाली) आली आणि तिने हे घराणं घरोघरी नेलं. तिची खोड ठाऊक असावी: कॅमेरा गळ्यात लटकला की नळी आपोआप खाली घसरते. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी लॉक आला. ताडोबा-पेंचच्या जिप्सीत, समोरच्या गाडीची धूळ अंगावर येत असताना लेन्स बदलावी लागत नाही, हा सुपरझूमचा मोठाच फायदा. मात्र २०० मिमीला एफ ५.६ असल्याने पहाटे झाडीतला वाघ तिला जड जातो.

दुसरं घराणं स्थिर एफ २.८ चं. २००६ मध्ये टॅमरॉनची १७-५० आणि कॅननची १७-५५ आयएस (तीही स्टॅबिलायझरवाली) आली. एफ ५.६ ते २.८ म्हणजे दोन स्टॉप, चौपट उजेड: लॉनवरचा तोच फोटो १/५० ऐवजी १/२०० ला. याची किंमत वजनात मोजावी लागते. ५५ मिमीला एफ ५.६ साठी प्रकाशाला आत यायला सुमारे १० मिमी व्यासाची वाट पुरते, एफ २.८ ला सुमारे २० मिमीची लागते. म्हणून भिंगं मोठी आणि लेन्स जड. कॅननच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये मधला फोकस बिंदू एफ २.८ च्या लेन्सवरच पूर्ण अचूकतेने चालतो, हा लाभ सहसा कोणी सांगत नाही. आमच्या मते लग्न, घर, मिरवणूक यासाठी हेच घराणं घ्यावं.

वापरलेली घेताना दोन ठिकाणी लोक फसतात. टॅमरॉन १७-५० च्या निकॉनसाठीच्या सुरुवातीच्या प्रतींत मोटर नव्हती. डी४०, डी३०००, डी५००० या मालिकांच्या बॉडीतही मोटर नसते, म्हणून त्यावर ऑटोफोकस चालत नाही. माउंटवर स्क्रूड्रायव्हरच्या टोकासाठी असते तशी खाच दिसली, तर ती बिनमोटरची. दुसरं, ‘पुढे फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा कॅमेरा) घेऊच’ म्हणून क्रॉप बॉडीवर २४-७० किंवा २४-१०५ घेणं. मारबतीच्या गल्लीचा हिशोब वर दिलाच आहे. २८-८० ची जुनी चूक पुन्हा विकत घेतल्यासारखं होतं.

सीताबर्डीच्या दुकानात लेन्स हातात आली की विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा समांतर धरून, सर्वांत मोठ्या ॲपर्चरवर, दोन्ही टोकांच्या फोकल लेंथला फोटो काढावेत. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू मऊ असेल तर कॅमेरा तिरका धरला गेला नाही ना, हे एकदा पाहावं. नसेल तर भिंग सरकलेलं आहे, ती लेन्स घेऊ नये. नंतर ॲपर्चर उघडं ठेवून मागून मोबाइलची टॉर्च मारावी. धुळीचे दोन-चार कण चालतील, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. नागपूरचा उन्हाळा कोरडा असला तरी जुलै ते सप्टेंबर बॅगेत बंद पडलेल्या लेन्सला ती धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढं पुरतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या लेन्सचं दुखणं निराळं: आतलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर येतं, पाती चिकटतात आणि फोटो मधूनच जास्त उजळ येऊ लागतात.

मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर हाच इतिहास पुन्हा घडतोय. किट लेन्स आणखी मंद, म्हणजे कमी उजेड घेणाऱ्या झाल्या; कॅननची १८-४५ तर ४५ मिमीलाच एफ ६.३ वर जाते. उलट एफ २.८ वाल्या हलक्या झाल्या. सिग्मा १८-५० (२०२१) २९० ग्रॅमची आहे, पण तिला स्टॅबिलायझर नाही. सोनीसाठी २०२१ मध्ये बाजारात आलेल्या टॅमरॉन १७-७० ला तो आहे, वजन ५२५ ग्रॅम. सोनी ए६४०० सारख्या, बॉडीत स्टॅबिलायझर नसलेल्या कॅमेऱ्यावर हा फरक लगेच जाणवतो.

पैसे मोजण्याआधी गेल्या वर्षभराचे फोटो फोकल लेंथप्रमाणे लावून पाहावेत. १८ ला ढीग असेल तर कॅननची १५-८५ किंवा निकॉनची १६-८० बघावी, ५५ ला असेल तर लांब झूम. मग हललेले फोटो मोठे करावेत. मांडवाचा खांबही पुसट असेल तर हात हलला, स्टॅबिलायझर लागेल. खांब स्पष्ट आणि नवरीचा हात पुसट असेल तर एफ २.८.