शाईला आरपार जायला किती वेळ?

फाउंटन पेनवाल्यांना हे ठाऊक आहे: एका वहीत अक्षर रेखीव उठतं, दुसरीत तीच शाई फुटते आणि पानामागे डाग दिसतात. दोष शाईचा नव्हे, खळीचा, म्हणजे पाणी अडवायला कागदाला दिलेल्या द्रव्याचा. कागदातल्या सेल्युलोजच्या तंतूंना पाण्याची भारी ओढ. ती आवरायला पूर्वी हातकागदाला स्टार्चची खळ देऊन घोटत. कारखान्यात राळेसारखी पाणी झिडकारणारी द्रव्यं लगद्यातच मिसळू लागले. टीपकागदाला खळ नसते, म्हणून तो पितो.

किती पितो, हे मोजायची रूढ रीत वजनाची. कॉब चाचणीत १०० चौरस सेंटिमीटर कागदावर पाणी ठेवायचं, बहुधा ६० सेकंदांनी टिपायचं आणि वाढलेलं वजन बघायचं. पण त्या मिनिटभरात काय घडलं, ते तराजूला कळत नाही. प्रकाशाला कळतं.

कसं, ते भज्यांच्या कागदावर पाहा. तेल उतरलं की खालची अक्षरं दिसू लागतात. कोरा कागद पांढरा दिसतो, कारण तंतूंमध्ये हवा असते. सेल्युलोजचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो, त्याचं माप) सुमारे १.५३, हवेचा १. तंतू आणि हवा भेटतात त्या प्रत्येक सीमेवर समोरून आलेला जेमतेम ४ टक्के प्रकाश परततो, पण अशा सीमा असंख्य, त्यामुळे बराचसा प्रकाश विखरून माघारी येतो. हवेच्या जागी पाणी (१.३३) शिरलं की हा आकडा अर्ध्या टक्क्यावर येतो. तेल (१.४७ च्या आसपास) तर सेल्युलोजच्या इतकं जवळचं, की सीमा जवळजवळ पुसूनच जाते. ओल्या कागदापेक्षा तेलकट कागद अधिक पारदर्शक दिसतो तो यामुळे. शिवाय पाणी वाळतं, तेल ठाण मांडून बसतं.

शाई आरपार जायला लागणारा वेळ प्रकाशानं मोजायची एक रीत म्हणजे हर्क्युलिस चाचणी. तीत कागदावर हिरवी, किंचित आम्लधर्मी शाई ओततात आणि खालच्या बाजूवर प्रकाश टाकून परतणारा उजेड मोजतात. कोरड्या कागदाच्या ८० टक्क्यांवर तो उतरला की घड्याळ थांबतं. जितके जास्त सेकंद, तितकी खळ पक्की. युक्ती सुरेख आहे, पण इथे घड्याळ थांबवण्यात मोठा वाटा रंगाचा असतो, आणि रंग पाण्याबरोबरच पोचेल असं नाही. टीपकागदावर शाईचा थेंब सोडून बघा: बऱ्याच शायांच्या डागाभोवती फिकट ओली कड दिसते. पाणी पुढे गेलेलं, रंग तंतूंना चिकटून मागे राहिलेला.