गिटारचा ब्रिज परत ओरिजिनल करायचाय? मग आणण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांची मागणी एकच असते, कुणीतरी यावर फ्लॉइड रोझ (तारा लॉक करणारा ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारा टेकवायचा भाग) बसवलाय, तो काढा आणि स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) होती तशी करून द्या. गिटार बहुतेक वेळा सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे आत काय काय कापलंय ते मालकालाही माहीत नसतं. काम होतं, पण किती सफाईदार होतं आणि खर्च किती येतो हे आत लाकूड किती शिल्लक आहे त्यावर ठरतं.

ज्यात लाकूड कापलेलं नाही ती कामं सोपी. ट्रेमोलो (दांडीने हलवून सूर वर-खाली करता येणारा ब्रिज) हलू नये म्हणून मागच्या खाचेत लाकडाचा तुकडा ठोकून ठेवला असेल तर तो काढायचा, स्प्रिंगा नीट लावायच्या, सेटअप करायचा, झालं. गिब्सनच्या लेस पॉलवर बिग्स्बी (वेगळ्या प्रकारचा ट्रेमोलो) ॲडाप्टर प्लेटवर बसवला असेल तर भोकं पाडलेलीच नसतात, स्टॉपबार (तारा अडकवायची पट्टी) परत लावला की संपलं. नॅशव्हिल ब्रिज काढून जुन्या पद्धतीचा एबीआर-१ ब्रिज हवा असेल तरी घाबरू नका, नॅशव्हिलच्या बुशिंगमध्येच (बॉडीत बसवलेल्या धातूच्या नळ्यांत) बसणारे बारीक पोस्ट मिळतात, बॉडीला हात लावावा लागत नाही. अशी गिटार एक-दोन दिवसात परत मिळते.

खरं काम फ्लॉइडवाल्या स्ट्रॅटचं. फेंडरने १९५४ साली स्ट्रॅट काढली तेव्हा तिचा ब्रिज पुढच्या सहा स्क्रूंवर डुलायचा आणि मागे स्प्रिंगा त्याला खेचून धरायच्या, विंटेज पद्धतीच्या गिटारींवर आजही तेच आहे. फ्लॉइड रोझ मात्र दोन जाड स्टडवर उभा राहतो. ऐंशीच्या दशकात गिटारवादक एडी व्हॅन हेलनचं बघून चांगल्या चांगल्या स्ट्रॅट लोकांनी राउटरखाली (लाकूड खोदायच्या मशीनखाली) घातल्या, त्या वेळी त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि त्याच गिटारी आता आमच्या टेबलावर येतात. स्टडची दोन भोकं सहा स्क्रूंच्या ओळीच्या बाहेर पडतात, त्यामुळे जुना ब्रिज नुसता ठेवून बघितला तर ती दोन्ही बाजूंनी डोकावतात. मधली खाच रुंद केलेली असते, कधी ब्रिज खाली बसावा म्हणून वरूनही लाकूड खरवडलेलं असतं. आणि नेकवर लॉकिंग नट (नेकच्या टोकाला तारा घट्ट पकडणारा भाग) बसवण्यासाठी नटची जागा खाली उतरवलेली असते, हे मात्र लोक हमखास विसरतात. म्हणजे ब्रिजचा खर्च धरून येतात आणि नटचा ऐकून चेहरा पडतो. तिथे लाकडाची पट्टी चिकटवून, ती घासून लेव्हल करून, साधारण ३.२ मिमीची नवीन खाच पाडून मग हाडाचा नट बसतो.

आता भोकं बुजवण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त वाट इथेच लागलेली दिसते. स्ट्रॅप बटणाचं भोक सैल झालं तर फेविकॉल आणि काडेपेटीची काडी चालते, आम्हीही नाही म्हणणार नाही. पण १० नंबरच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच) तारांचा सेट ट्यून केला की ब्रिजवर सगळा मिळून साधारण ४६ किलोचा ताण येतो, ९ नंबरला ३८-३९ किलो, तिथे काडी टिकत नाही. एम-सील भरलं असेल तर तेही सगळं उकरून काढावं लागतं, तेव्हा भरलं असेल तर लपवू नका, ड्रिल लावलं की कळतंच. बाजारातला गोल डॉवेल ठोकला की भोक छान बुजलेलं दिसतं, पण डॉवेलचे रेषे उभे असतात आणि स्क्रू त्या रेषांच्याच दिशेने आत जातो, अशा लाकडात स्क्रूची पकड कमी. म्हणून आम्ही प्लग कटरने आडव्या रेषांचे प्लग कापतो, शक्यतो बॉडीच्याच जातीच्या लाकडाचे, म्हणजे ऑल्डर असेल तर ऑल्डर, आणि बॉडीचे रेषे ज्या दिशेने तशीच दिशा धरून चिकटवतो. मग पूर्ण सुकू द्यायचं, घाई चालत नाही.

नवीन ब्रिज स्वतः मागवणार असाल तर आधी मोजा. जुन्या फेंडर पद्धतीत पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यातलं अंतर ५६.४ मिमी असतं, बऱ्याच स्वस्त कॉप्यांमध्ये ५२.५ च्या आसपास. चार मिमीचा फरक दिसायला काहीच नाही, पण ब्रिज बसत नाही. बॉडी बारीक असेल तर ब्रिजखालच्या ब्लॉकची उंचीही बघा, नाहीतर तो मागून बाहेर येतो.

रंगाचं स्पष्टच सांगतो. काळी, पांढरी, लाल अशी एकरंगी गिटार असेल तर बुजवलेली जागा जवळपास लपते. सनबर्स्ट किंवा लाकूड दिसणारं फिनिश असेल तर पॅच दिसणारच, कुणी अजिबात दिसणार नाही म्हणत असेल तर त्याचं आधीचं काम बघायला मागा. नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकर) फिनिशचं काम आम्ही पावसाळ्यात करत नाही, हवेतल्या ओलाव्याने लॅकर पांढुरकं पडतं, जून ते सप्टेंबर लाकूडकाम करून ठेवतो आणि फवारा ऑक्टोबरनंतर.

शेवटचा सेटअप याच कामात धरलेला आहे. अर्थ वायर क्लॉला (मागच्या स्प्रिंगा अडकवायच्या पट्टीला) नीट सोल्डर केली नसेल तर ॲम्पमधून घूं आवाज येतो, ती आधी तपासतो. सहा स्क्रू करकचून आवळत नाही, ब्रिज मोकळा डुलला पाहिजे. तरंगता हवा असेल तर मागची कड बॉडीपासून ३.२ मिमी वर, नको असेल तर स्प्रिंगा वाढवून बॉडीला टेकवतो, तुम्ही वाजवता कसं त्यावर. शेवटी बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर येण्यासाठीची जुळणी. तुम्ही नेहमी कोणत्या नंबरच्या तारा लावता ते आधीच सांगा, नंतर तारा बदलल्या की स्प्रिंगांचं सगळं गणित परत मांडावं लागतं.

कधीकधी आम्ही काम नको असंही सुचवतो. साधी कॉपी असेल आणि आतलं लाकूड पार पोखरलेलं असेल तर नवीन बॉडी घेऊन त्यावर जुनी नेक लावणं स्वस्त पडतं. आणि जुनी, किमती गिटार विकायच्या विचाराने आणली असेल तर लक्षात घ्या, बुजवलेली भोकं म्हणजे रिपेअरच, घेणाऱ्याला ते सांगावंच लागेल.

येताना जुना ब्रिज, स्प्रिंगा, ट्रेम आर्म, लॉकिंग नटचे स्क्रू, जे काही पिशवीत पडलं असेल ते सगळं घेऊन या, गंजलेलं असलं तरी. काढलेला फ्लॉइड आम्ही पुसून, पार्ट मोजून परत देतो, तो विकून बऱ्याच जणांचा निम्मा खर्च सुटतो. मागची प्लेट उघडून बघितल्याशिवाय फोनवर भाव सांगत नाही, फोटो पाठवायचा असेल तर मागची खाच आणि नट या दोन्हींचे पाठवा, नुसता पुढून काढलेला फोटो काही उपयोगाचा नाही.