खड्डा दिसतो पावसात, पण ठरतो रोलरखाली

२०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. १९५०पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आलाच नव्हता. रस्त्यांची कामं ३१ मेपर्यंत उरकायची हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवलेली कामं उघड्यावर सापडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तरीही ‘पाऊसच एवढा पडला, रस्ता काय करणार?’ हे उत्तर काही जात नाही. ते शास्त्राला धरून नाही. पाऊस रस्त्यावर पडतो. तो रस्त्याच्या आत शिरणार की नाही, हे आधीच ठरलेलं असतं.

डांबरी रस्त्याचा वरचा थर म्हणजे वजनाने साधारण ९५ टक्के खडी, कच आणि दगडाची भुकटी. डांबर जेमतेम ५ ते ६ टक्के. मिश्रणाची रचना करतानाच त्यात ३ ते ५ टक्के हवेची जागा धरलेली असते, कारण उन्हाने फुगणाऱ्या डांबराला कुठेतरी सरकायला जागा हवी. रोलिंग संपतं तेव्हा ही पोकळी ७ टक्क्यांच्या आसपास असते आणि पुढे वाहनांखाली दबून कमी होते. ती ८ टक्क्यांच्या वर राहिली, की सुट्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन पाण्याला आरपार वाट मिळते.

हा दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो तापमानामुळे. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचं मिश्रण प्लान्टमध्ये १५० ते १६५ अंश सेल्सियसला तयार होतं. पसरताना ते किमान १४० अंश हवं आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलिंग संपायला हवं. थर २५-३० मिलिमीटरचा असेल, तर यासाठी जेमतेम पाव तास मिळतो. डंपर वाहतुकीत अडकला, वर ताडपत्री नव्हती किंवा पेव्हर, म्हणजे माल पसरवणारं यंत्र, थांबून राहिला, तर माल गार होतो. मग रोलर कितीही वेळा फिरवा, घट्ट झालेलं डांबर खडीला सरकू देत नाही. रस्ता मात्र काळाभोर, गुळगुळीत दिसतो आणि उद्घाटनही होऊन जातं.

आता पाण्याचं काम सुरू होतं. दगडाच्या पृष्ठभागावर, विशेषतः सिलिका जास्त असलेल्या दगडावर, विद्युतभार असमान विखुरलेला असतो. पाण्याच्या रेणूलाही धन आणि ऋण अशी दोन टोकं असतात, त्यामुळे तो अशा दगडाला डांबरापेक्षा जास्त ओढीने चिकटतो. डांबराच्या पापुद्र्याला कुठे भोक सापडलं, की पाणी त्याखाली पसरत जाऊन डांबर दगडावरून सोलून काढतं. आपला काळा बेसाल्ट या बाबतीत ग्रॅनाइटपेक्षा बराच बरा, कारण त्यात सिलिका सुमारे ५० टक्के, तर ग्रॅनाइटमध्ये ७०च्या घरात. मिश्रणात २ टक्के विरवलेला चुना घातला, तर त्यातलं कॅल्शियम डांबरातल्या आम्लांशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारे क्षार बनवतं आणि पकड टिकते. उपाय जुना, स्वस्त आणि सिद्ध झालेला आहे.

पण नुसतं साचलेलं पाणी हे काम सावकाश करतं. त्याला वेग देतं चाक. बसच्या किंवा ट्रकच्या टायरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ ते ८ किलो असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारं चाक एका जागेवर सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग टेकतं. पाणी दबत नाही आणि एवढ्या वेळात त्याला बाहेर पडायलाही मिळत नाही, म्हणून पोकळीतला दाब एकदम चढतो. चाक पुढे सरकताच तिथे ओढ निर्माण होते. सिरिंजच्या दट्ट्यासारखं हे आत-बाहेर दिवसभरात हजारो वेळा होतं. आधी डांबर आणि भुकटीचा लगदा निघतो, मग कच, मग खडी. खालचा खडी-मुरुमाचा थर भिजून मऊ झाला, की वरचा थर लवतो आणि त्याला जाळीदार भेगा पडतात. पाऊस थांबल्यावर रस्ता वाळतो, पण अशा भेगांभोवती ओल राहते आणि राखाडी लगदा वर आलेला दिसतो. तो खालच्या थरातून आलेला असतो. तिथे काही दिवसांत खड्डा पडणारच, म्हणून तक्रार करायची वेळ तीच.

भाराचा हिशेब तर फारच विषम आहे. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांतून ढोबळ नियम निघाला: रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरच्या) भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. अर्धा टन भाराच्या मोटारीच्या ॲक्सलपेक्षा १० टनांचा ॲक्सल दीड लाख पटींहून जास्त झीज करतो. केंद्र सरकारने २०१८ साली चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. भार वाढला १३ टक्के, झीज सुमारे ६० टक्के. त्या निर्णयावर मालवाहतूकदारांच्या बाजूने पुष्कळ बोललं गेलं. रस्त्यांच्या जाडीचा विचार शहरांत क्वचितच झाला.

त्यात पाऊसही बदलतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणूनच उतार जपायला हवा. ७ मीटर रुंद रस्त्याला अडीच टक्के उतार म्हणजे मध्यभाग कडेपेक्षा जवळजवळ ९ सेंटिमीटर उंच. जुना थर न खरवडता त्यावर नवा चढवत गेलं, की हा उतार बिघडतो, मॅनहोल खोलगट राहतात आणि सोसायटीच्या फाटकातून पाणी आत येतं.

प्लास्टिकच्या रस्त्यांचा मोठा गाजावाजा होतो. मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांची पद्धत खरी आहे: गरम खडीवर प्लास्टिकचा लेप बसतो आणि पाण्याची शिरकाव करायची ताकद घटते. पण गार माल, चुकलेला उतार आणि तुंबलेलं गटार यांवर प्लास्टिक काहीही करू शकत नाही. भर पावसात डबक्यात ओतलेलं कोल्ड मिक्सही, म्हणजे गरम न करता वापरायचं डांबरी मिश्रण, टिकत नाही, कारण त्यातलं पाणी किंवा द्रावक उडून गेल्याशिवाय ते घट्ट होतच नाही.

खड्डा नीट भरायचा तर कडा पक्क्या भागापर्यंत चौकोनी आणि सरळ उभ्या कापायच्या, आतली माती-पाणी ब्लोअरने काढायचं, तळाला आणि कडांनाही इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) पातळ हात द्यायचा, माल थोडा उंच भरून दाबायचा आणि सांधे डांबराने बुजवायचे. मॅस्टिक म्हणजे गरम ओतायचं दाट डांबरी मिश्रण. त्यात डांबर १४ ते १७ टक्के असतं आणि पोकळी जवळजवळ नसते, म्हणून ते रोलरशिवाय चालतं. मात्र ओल्या तळावर ओतलं तर खालची वाफ फुगे आणते.

नव्या रस्त्याची घनता कळते कोअर, म्हणजे थरातून कापलेला गोल नमुना, काढून. त्याचा अहवाल आणि दोषदायित्व कालावधी (रस्ता बिघडला तर कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) माहिती अधिकारात मागता येतो. अहवालात पाहायचा आकडा एकच: घनता जास्तीत जास्त शक्य घनतेच्या किमान ९२ टक्के आहे का, म्हणजेच पोकळी ८ टक्क्यांच्या वर तर नाही ना. आणि कोअरचं भोक त्याच दिवशी गरम मालाने ठोकून बुजवायला हवं. उघडं ठेवलं तर पाण्याला खालच्या थरात जायची सरळ वाट मिळते.