तळ्यासाठी जमीन पास की नापास, हे ठरवायची पद्धत आली कुठून?

नकाशे, सॅटेलाइट वगैरे यायच्या आधी मत्स्यतळ्याची जागा बघायची म्हणजे सरळ खड्डा खणायचा. कमरेएवढा, सकाळी काठोकाठ भरायचा, संध्याकाळी पाणी थोडं उतरलेलं असतंच कारण कोरडी माती आधी स्वतः पिऊन घेते, म्हणून परत भरायचा, वर पाला-फांद्या टाकून झाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. बरंचसं पाणी तसंच असेल तर जमीन पाणी धरते, खड्डा रिकामा दिसला तर विषय संपला. ओल्या मातीचा गोळा वर उडवून झेलायचीही टेस्ट आहे, फुटला नाही तर चिकणमाती पुरेशी. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) माहितीपुस्तिकांत पण ह्या टेस्ट आहेत बरं का.

पण एका खड्ड्यावरून एकच जागा कळते, अख्ख्या प्रदेशाचं बघायचं तर काय? ती पद्धत शेतीकडून उसनी आली. 1976 ला एफएओने जमीन मूल्यमापनाची चौकट काढली, एस1 म्हणजे एकदम योग्य, एस2 मध्यम, एस3 जेमतेम आणि एन म्हणजे नाहीच. त्यातला खरा मुद्दा हा की जमीन नुसती चांगली-वाईट नसते, कशासाठी ते आधी सांगा. आणि इथेच गंमत झाली, कारण बहुतेक पिकांना निचरा लागतो आणि तळ्याला तोच नको असतो! पिकाला डोकेदुखी ठरणारी जड, पाणी साचणारी जमीन तळ्याला चालून जाते, म्हणजे पिकांचे तयार नकाशे उचलून चाललं नसतं, निकष नव्याने लिहावे लागले. मातीचा पोत, सामू (म्हणजे पीएच), उतार (फार असला की बांधाचा खर्च वाढतो), पाण्याची सोय, पूर आणि मुख्य म्हणजे तापमान, कारण त्यावरच मासा किती महिन्यांत विक्रीला येतो ते ठरतं.

प्रत्येक निकषाचा वेगळा नकाशा काढून ते एकावर एक ठेवून बघायची आयडिया लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅकहार्गने 1969 मध्येच गाजवली होती, पारदर्शक कागदांवर. नंतर तेच काम जीआयएस, म्हणजे नकाशांचं संगणकीय सॉफ्टवेअर, करू लागलं. 1994 मध्ये एफएओच्या जेम्स कॅपेट्स्कीने अख्ख्या आफ्रिकेचा असा अभ्यास केला आणि 1998 ला तो साधारण 5 किलोमीटरच्या चौकोनांवर परत झाला. आता 5 बाय 5 म्हणजे 2500 हेक्टरला एकच रंग, एवढ्यात माती किती वेळा बदलते विचार करा.

मग प्रश्न वजनाचा. पाणी महत्त्वाचं की माती, आणि किती पटीने? ह्यासाठी गणितज्ञ थॉमस साटीची 1970च्या दशकातली एएचपी (अॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) पद्धत वापरतात, दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून 1 ते 9 मध्ये गुण द्यायचे. दिसायला गणित, पण ते गुण शेवटी तज्ज्ञांच्या मतावरच, त्यामुळे माणसं बदलली की नकाशाही बदलू शकतो. वर नुसती बेरीज केली तर पाण्याचे भरपूर गुण मिळवून भुसभुशीत वाळूची जमीनही पास होऊन जाते, आणि तिथे पाणी टिकणार कसं? म्हणून आधी अजिबात न चालणाऱ्या जागा चाळून बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांनाच गुण द्यायचे.