स्वतःसाठीची कविता किती जुनी?

कविता आधी देवाधर्माची अन् दरबाराची होती, माणसाची खाजगी गोष्ट ती फार नंतर झाली, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही, कारण जिचं नाव माहीत आहे अशी जगातली सगळ्यात जुनी कवयित्री एन्हेदुआन्ना, इसवी सनापूर्वी २३०० च्या आसपास मेसोपोटेमियातल्या उर शहरात चंद्रदेवाची मुख्य पुजारीण होती, आणि तिच्या नावावर असलेल्या इनान्ना देवीच्या स्तोत्रात मधेच ती चक्क स्वतःचं गाऱ्हाणं मांडायला लागते, की मला देवळातून हाकललंय अन् ज्या देवाची सेवा केली तोही माझा निवाडा करत नाहीये.

आपल्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) तर अक्षरओळखही नव्हती. शेतात राबताना, जात्यावर बसल्या की ओव्या सुचायच्या, मुलगा सोपानदेव अन् घरातल्यांनी त्या उतरवून घेतल्या, आणि पुस्तक आलं ते त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, अत्र्यांच्या पुढाकाराने. छापून येईल, नाव होईल असलं काही डोक्यात असायचं कारणच नव्हतं. ऐन तारुण्यात नवरा गेला त्यावरची त्यांची कविता बघा, कुंकू पुसलं तर गोंदण उरलं, बांगड्या फुटल्या तरी मनगटातली करतूत उरली, असं जे गेलं त्याच्या शेजारी जे राहिलं ते एकेक करून मांडत जातात. दुःख असं ओळीत बसवलं की ते निदान हाताळता तरी येतं, माझ्या मते लिहिणाऱ्याला मिळतं ते हेच.

संशोधक या वाटेला बरेच उशिरा आले. अमेरिकेत पेनेबेकर आणि बील यांनी १९८६ मध्ये छापलेल्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं, लिहून झाल्या झाल्या मुलं जास्तच उदास झाली, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या ६ महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी भरल्या. अर्थात ते साधं गद्य होतं, कविता नव्हे.

वाचण्याबद्दल मात्र मला सगळ्यात जवळची वाटते ती जॉन स्टुअर्ट मिलची गोष्ट. लहानपणापासून निव्वळ तर्क आणि अभ्यासात वाढवलेला हा विचारवंत १८२६ मध्ये, विशीत, असा खचला की त्याला कशातच राम वाटेना. आधी त्याने बायरन वाचून बघितला, काही उपयोग झाला नाही, कारण बायरनची उदासी अगदी त्याच्यासारखीच. मग १८२८ मध्ये वर्ड्सवर्थ हातात पडला, डोंगरांच्या, साध्यासुध्या माणसांच्या कविता, आणि मिल आत्मचरित्रात लिहितो की त्या आपल्या मनाला औषधासारख्या लागू पडल्या. वर्ड्सवर्थपेक्षा मोठे कवी होऊन गेलेत हे तो तिथेच कबूल करतो, पण त्या दिवसांत वर्ड्सवर्थने आपल्यासाठी जे केलं ते त्या मोठ्या कवितेला जमलं नसतं असं त्याचं म्हणणं.