ग्राउटची रंगसंगती

टाइलच्या सांध्यांत भरल्या जाणाऱ्या मसाल्याला ग्राउट म्हणतात. त्याचा रंग भिंतीच्या किंवा फरशीच्या रचनेचा एक घटक म्हणून विचारपूर्वक निवडणे, म्हणजे ग्राउटची रंगसंगती. सांधा ठेवावा लागतो तो गरजेपोटी: टाइलच्या मापांतला बारीकसारीक फरक त्यात सामावतो आणि कडा एकमेकींना भिडून उडत नाहीत. पण सांधे आले की त्यांची जाळी दिसणारच. ती किती दिसावी, हे रंग ठरवतो.

रंगाचा प्रभाव टाइलच्या मापावर अवलंबून असतो आणि हा हिशेब फार थोडे जण मांडून बघतात. 600 बाय 600 मिलिमीटरची टाइल 2 मिलिमीटरच्या सांध्याने बसवली, तर ग्राउटची जागा एकूण पृष्ठभागाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी भरते. 75 बाय 150 च्या टाइलला 3 मिलिमीटरचा सांधा ठेवला की तीच जागा 6 टक्क्यांच्या आसपास जाते. आणि 25 मिलिमीटरच्या चौकोनी मोझॅइकला, म्हणजे चिमुकल्या तुकड्यांच्या टाइलला, तेवढाच सांधा ठेवला, तर भिंतीचा पाचवा हिस्सा ग्राउटचाच असतो. मोझॅइकमध्ये ग्राउटला दुय्यम मानणे म्हणूनच चूक आहे. इतक्या बारीक टाइलमध्ये लांबून डोळा टाइल आणि सांधा वेगळे करत नाही. निळी मोझॅइक पांढऱ्या ग्राउटमध्ये फिकी, धुरकट भासते. गडद राखाडीत तीच खोल दिसते. नक्षीतला एकच रंग बदलला तरी बाकीच्या रंगांची छटा बदलल्यासारखी वाटते, याला जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन बेझोल्ड यांच्यावरून बेझोल्ड परिणाम असे नाव आहे.

टाइलच्याच छटेचे ग्राउट भरले की सांधे विरून जातात आणि पृष्ठभाग सलग वाटतो. संगमरवरासारख्या शिरा असलेल्या टाइलला हेच शोभते, कारण तिथे नजर शिरांच्या मागे जायला हवी. आडव्याउभ्या रेघा तिला अडवतात. विरोधी रंगाचे ग्राउट मात्र टाइलचा आकार रेखून काढते. साध्या पांढऱ्या टाइल विटांसारख्या लावल्या आहेत की हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरप्या, हे लांबून कळते ते गडद सांध्यांमुळेच. या विरोधाचे टोक फ्रेंच कलावंत ज्याँ-पिएर रेनो यांनी गाठले. पॅरिसजवळच्या ला सेल-सें-क्लू इथे 1969 मध्ये हाती घेतलेले आपले घर त्यांनी आतून पांढऱ्या चौकोनी टाइलने मढवले आणि सांधे काळे ठेवले. घरभर एकच जाळी पसरली. 1993 मध्ये त्यांनीच ते पाडले.

गडद सांधा कारागिराची कोणतीही कसर झाकत नाही. 3 मिलिमीटरच्या सांध्यात एका मिलिमीटरचा फरक समछटेत कुणाच्या लक्षात येत नाही. पांढऱ्या टाइलमधल्या काळ्या रेघेत तो पहिल्या नजरेत खुपतो. कोपऱ्यात उरलेली बोटभर पट्टी, गुण्यात नसलेली भिंत, वरखाली बसलेल्या कडा, सगळे उघडे पडते. म्हणून ग्राउटचा रंग टाइल लावून झाल्यावर नव्हे, पहिली ओळ आखण्याआधी ठरला पाहिजे: सुरुवात मध्यातून करायची की कडेपासून, सांधा सारखा राखणारे स्पेसर कितीचे घ्यायचे, हे त्यावर अवलंबून असते. हाताने घडवलेल्या, वेड्यावाकड्या कडांच्या टाइलला जवळच्या छटेचेच ग्राउट बरे.

सिमेंटच्या ग्राउटमध्ये रंगासाठी प्रामुख्याने लोहाची ऑक्साइडे असतात: लाल, पिवळे, काळे. कालवताना पाणी जास्त झाले, किंवा पुसताना स्पंज नीट पिळला नाही, की सुकल्यावर रंग फिका आणि डागाळ दिसतो. गडद ग्राउटवर पांढरा लोणा येतो तो सिमेंटमधल्या चुन्यामुळे. पाण्याबरोबर तो वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतो. इपॉक्सी या कृत्रिम राळेच्या ग्राउटमध्ये सिमेंट नसल्याने हा त्रास होत नाही आणि डागही सहसा मुरत नाहीत, पण ते भराभर घट्ट होते. टाइलवर राहिलेला थर वेळीच पुसला नाही तर काढणे जिकिरीचे. सच्छिद्र दगडाला किंवा तडकलेल्या ग्लेझच्या (वरच्या चकचकीत थराच्या) टाइलला गडद ग्राउट लावायचे असेल तर आधी सीलर, म्हणजे छिद्रे बंद करणारा लेप, लावावा, नाहीतर रंगद्रव्य छिद्रांत शिरते आणि कडा कायमच्या काळवंडतात.

पांढरे ग्राउट भिंतीवर टिकते. जमिनीवर मात्र चालण्याच्या वाटेवर आधी राखाडी होते आणि एकाच खोलीत दोन रंग दिसू लागतात. मध्यम राखाडी सर्वांत सोशिक. न्हाणीघरात काळ्या सांध्यावर साबणाचा आणि जड पाण्याचा थर लगेच उठून दिसतो. छटेच्या पट्टीवरून निवड करणे पुरेसे नाही. चार टाइल एका फळीवर चिकटवून त्यांत ग्राउट भरावे, ते पूर्ण सुकू द्यावे आणि त्याच खोलीच्या उजेडात बघावे. ओला आणि सुका रंग यांत मोठे अंतर असते.

भिंतीच्या आतल्या कोपऱ्यांत आणि भिंत-जमिनीच्या सांध्यात ग्राउट भरल्यास ते पुढे चिरते. तिथे लवचीक सिलिकॉन हवे, आणि तेही ग्राउटच्या छटेचे, नाहीतर कडेने वेगळीच चौकट दिसते. रंग पुढे बदलावासा वाटला तर सिमेंटच्या ग्राउटवर रंगीत सीलरचा हात देता येतो. सांधा आधी तेलकटपणा जाईपर्यंत धुऊन सुकवावा लागतो. फिक्यावरून गडदाकडे जाणे सोपे. उलट दिशेने जायचे तर दोनतीन हात द्यावे लागतात, किंवा वरचा थर खरवडून नवे ग्राउट भरावे लागते.