क्वेरी लेटर

नव्या पुस्तकाचे प्रतिनिधित्व कराल का, हे साहित्यिक एजंटाला, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणाऱ्या मध्यस्थाला, विचारण्यासाठी लेखकाने लिहिलेले पत्र म्हणजे क्वेरी लेटर. मराठीत त्याला विचारणापत्र म्हणता येईल. त्याची लांबी एक पान, म्हणजे साधारण २५० ते ३५० शब्द. इंग्रजीतल्या बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्था लेखकाने परस्पर धाडलेली हस्तलिखिते वाचत नाहीत. त्यामुळे अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नव्या लेखकासाठी प्रकाशकाकडे जाणारी वाट बहुधा एजंटाच्या टेबलावरून जाते.

एजंटाचा व्यवसाय लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. ए. पी. वॉट यांना सहसा पहिला व्यावसायिक साहित्यिक एजंट मानतात. ते लेखकाच्या उत्पन्नातून १० टक्के घेत. आज हा दर स्वदेशातील विक्रीवर बहुधा १५ टक्के आणि परदेशी व अनुवादाच्या हक्कांवर २० टक्के असतो. पुस्तक विकले गेले तरच एजंटाला पैसे मिळतात. विचारणापत्र लिहिताना ही गोष्ट सतत डोळ्यांपुढे हवी, कारण पत्र वाचणारा माणूस पुस्तक चांगले आहे का, एवढेच पाहत नाही. हे मी कोणत्या संपादकापुढे ठेवू शकेन, हेही तो मनात जुळवत असतो.

पत्राचा गाभा म्हणजे कथेची ओळख. एक-दोन परिच्छेदांत मुख्य पात्र कोण, त्याला काय हवे आहे, आड काय येते आणि हुकले तर काय गमावेल, एवढे कळले पाहिजे. बहुतेक पत्रे इथेच घसरतात. ‘ही कादंबरी एकाकीपणा, स्मृती आणि माणसाच्या शोधाचा वेध घेते’ हे वाक्य हजार कादंबऱ्यांना लागू पडते, म्हणून ते एकीचीही ओळख करून देत नाही. त्याच कादंबरीबद्दल असे लिहून पाहावे: ‘दीपगृहाच्या रखवालदाराला किनाऱ्यावर एक भिजलेली वही सापडते. तिच्यात त्याच्याच हस्ताक्षरात उद्याच्या रात्रीची नोंद आहे: दिवा विझला, जहाज खडकावर गेले. दिवा सोडून मदत आणायला जावे, तर तो विझण्याची भीती. थांबावे, तर नोंद खरी ठरण्याची.’ इथे एकाकीपणा हा शब्द कुठेच नाही, पण तो जाणवतो, आणि पुढे काय झाले हे विचारावेसे वाटते. शेवट मात्र पत्रात सांगायचा नसतो. त्याची जागा सारांशात, म्हणजे सिनॉप्सिसमध्ये असते, आणि तिथे तो लपवूनही चालत नाही. मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर जसा वाचकाला पुस्तक उघडायला लावतो, तसेच काम या परिच्छेदाने करायचे असते.

पुस्तकाचे नाव, प्रकार आणि शब्दसंख्या एका वाक्यात येते. प्रौढ वाचकांच्या कादंबरीसाठी ८०,००० ते १,००,००० शब्द ही सर्वसाधारण अपेक्षा असते. पहिलीच कादंबरी अडीच लाख शब्दांची असेल, तर पुष्कळ एजंट तो आकडा पाहूनच थांबतात. याला जोडूनच अलीकडच्या तीन ते पाच वर्षांतली, त्याच वाचकवर्गाची एक-दोन पुस्तके तुलनेसाठी देतात. अभिजात ग्रंथाशी किंवा अफाट खपलेल्या पुस्तकाशी तुलना केल्याने काहीच साधत नाही, कारण त्यातून आजच्या बाजारातली जागा कळत नाही. लेखकाचा परिचय दोन-तीन वाक्यांत पुरतो. आधी काही प्रसिद्ध झालेले नसेल तर त्याबद्दल माफी मागू नये. त्या जागी काहीच न लिहिणे अधिक बरे.

कादंबरी पूर्ण लिहून, पुन्हा पुन्हा तपासून झाल्यावरच पत्र पाठवायचे असते. ललितेतर पुस्तकाचे तसे नाही. तिथे पुस्तकाचा आराखडा आणि नमुन्याची प्रकरणे असलेला प्रस्ताव बहुधा पुरतो, पण त्या विषयावर लिहिण्याचा लेखकाचा अधिकार पत्रात स्पष्ट दिसावा लागतो. ब्रिटनमध्ये पत्रासोबत सारांश आणि पहिली तीन प्रकरणे मागण्याची पद्धत रूढ आहे. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी फक्त पत्र आणि सुरुवातीची पाच-दहा पाने मागतात. प्रत्येक एजंटाचे नियम निराळे, आणि ते अक्षरशः पाळावे लागतात.

एकाच वेळी अनेक एजंटांना विचारणे रीतीला धरून आहे. मात्र प्रत्येकाचे नाव बिनचूक हवे आणि पत्र वेगळे जायला हवे. अनुभवी लेखक एका वेळी पाच-दहा पत्रे पाठवतात. एकाही एजंटाने पाने मागवली नाहीत तर दोष बहुधा पत्रात किंवा सुरुवातीच्या पानांत असतो, आणि पुढची खेप जाण्याआधी तो दुरुस्त करता येतो. नकार बहुतेकदा ठरावीक साच्यातला असतो. काही एजंट उत्तरच देत नाहीत आणि अमुक आठवड्यांनंतरचे मौन म्हणजे नकार, असे आधीच सांगून ठेवतात. हस्तलिखित वाचण्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. अशी वाचनफी घेणे व्यवसायाच्या आचारसंहितेत बसत नाही.

पत्र आवडले तर एजंट आधी काही प्रकरणे किंवा थेट पूर्ण हस्तलिखित मागवतो. त्यानंतर प्रतिनिधित्वाचा प्रस्ताव आला तरी लगेच होकार देण्याची गरज नसते. ज्यांच्याकडे हस्तलिखित अजून वाचनात आहे, त्या एजंटांना लेखक तसे कळवतो आणि निर्णयासाठी सहसा एक-दोन आठवडे मागून घेतो.